मैदानी स्पर्धांतील पंचांच्या कार्याचे मूल्यमापन

१

मराठीतील 'पंच' हा शब्द दिसावयास लहान असला तरी त्याच्या पोटात दोन निरनिराळी कार्ये सामावलेली आहेत. गावातील तंटा सोडविणारा पंच निर्णय देतो. पंचनाम्यावर सही करणारा पंच मात्र कसलाही निर्णय देत नाही, आपल्या समक्ष जे दिसले त्याचा तो केवळ साक्षीदार असतो. पहिला ठरवितो, दुसरा पाहतो. जुन्या महजरांत निर्णयाबरोबर सभेस उपस्थित असणाऱ्यांची नावे नोंदलेली आढळतात. तेथेही पाहणारे आणि ठरविणारे एकाच सभेत बसत. क्रीडांगणावर हा शब्द आला तो ही दोन्ही कार्ये बरोबर घेऊनच. शर्यत सुरू करून देणारा, झेंडी दाखविणारा, घड्याळ धरणारा, फीत लावून उडीचे अंतर मोजणारा आणि खेळाडूस स्पर्धेतून बाद ठरविणारा, हे सर्वच आपल्याकडे 'पंच' या एका नावाने ओळखले जातात. शब्दाची ही उदारता व्यवहारात सोयीची असली तरी शास्त्रीय विचारात ती अडचणीची ठरते. 'पंचांनी आपले काम चांगले केले काय?' हा प्रश्न विचारताच 'कोणते काम?' हा प्रतिप्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावाचून मूल्यमापनाचे पाऊल पुढे पडू शकत नाही.

हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जाणारा सांगली जिल्हा आणि त्याच्या शेजारचा सातारा जिल्हा यांची क्रीडापरंपरा मोठी आहे. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेल्या ललिता बाबर या माण तालुक्यातील मोही गावच्या. आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविणारे सचिन खिलारी हे आटपाडी तालुक्यातील करगणीचे. अशा खेळाडूंची वाट तालुक्याच्या मैदानावरून सुरू होते. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत असता प्रत्येक पायरीवर कोणा तरी पंचाची झेंडी वर जाते. शालान्त परीक्षेतील क्रीडागुण आणि शासकीय सेवेतील खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण यांचा विचार केला, तर तालुक्याच्या मैदानावरील एक तांबडी झेंडी एखाद्या मुलीच्या आयुष्याची दिशा बदलू शकते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. आणि तरीही त्या झेंडीची पारख कशी करावयाची, याचा पद्धतशीर विचार आपल्याकडे क्वचितच होतो. वाद झाला की त्याची चर्चा होते. वाद शमला की चर्चाही शमते.

२

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी एक प्रसंग पाहणे उपयुक्त होईल. सप्टेंबर २०१४ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. महिलांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये बहारीनची रूथ जेबेट पहिली आली, चीनची ली झेन्झू दुसरी, ललिता बाबर तिसरी आणि सुधा सिंग चौथी. ललिता बाबर यांची वेळ ९ मिनिटे ३५.३७ सेकंद व सुधा सिंग यांची ९ मिनिटे ३५.६४ सेकंद होती. शर्यतीनंतर जेबेट हिने धावमार्गाच्या आतील बाजूस पाऊल टाकले, या कारणावरून तिला बाद ठरविण्यात आले. साहजिकच ललिता बाबर दुसऱ्या व सुधा सिंग तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. परंतु बहारीनच्या संघाने या निर्णयास हरकत घेतली, ती मान्य झाली आणि जेबेटचे सुवर्णपदक तिला परत मिळाले. ललिता बाबर यांच्याकडे कांस्यपदक राहिले. सुधा सिंग पुन्हा चौथ्या झाल्या.

या प्रसंगात पंचांचे काम चांगले झाले की वाईट? सामान्य प्रेक्षक म्हणेल, निर्णय फिरला त्या अर्थी आधीचा पंच चुकला. परंतु हे अनुमान घाईचे आहे. वळणावर आतील कडेच्या आत पाऊल टाकू नये, हा नियम धावपटूने अंतर वाचवू नये यासाठी आहे. त्याचे पालन होते किंवा नाही हे पाहण्यासाठी मैदानावर ठिकठिकाणी जे निरीक्षक उभे असतात, त्यांना इंग्रजी नियमावलीत 'अंपायर' म्हणतात. क्रिकेटच्या अंपायरप्रमाणे त्यांना निर्णयाचा अधिकार नसतो. नियमभंग दिसताच पिवळी झेंडी वर करावयाची आणि काय दिसले ते लेखी कळवावयाचे, एवढेच त्यांचे काम. तो अहवाल 'रेफरी'कडे जातो. पाऊल पडले ते वळणावर की सरळ मार्गावर, धावपटूला कोणी ढकलले होते काय, नियमातील एखादा अपवाद तिला लागू होतो काय, हे पाहून रेफरी निर्णय देतो. त्या निर्णयाविरुद्ध 'ज्यूरी ऑफ अपील' म्हणजे अपील-मंडळाकडे दाद मागता येते.

म्हणजे येथे तीन प्रश्न आहेत : पाऊल आत पडले काय? पडले असल्यास ते नियमाच्या कक्षेत येते काय? आणि रेफरीचा निर्णय टिकण्यासारखा आहे काय? पहिल्याचे उत्तर डोळ्यांनी द्यावयाचे, दुसऱ्याचे नियमाच्या अर्थाने, तिसऱ्याचे समोर आलेल्या पुराव्याच्या फेरतपासणीने. निरीक्षकाने पाऊल अचूक टिपलेले असूनही रेफरीचा अर्थ सदोष असू शकतो. उलटपक्षी निरीक्षकाची नोंद मोघम असल्यामुळे सर्वथा सुजाण रेफरीसही निर्णय मागे घ्यावा लागेल. अंतिम निकालावरून या तीन कड्यांपैकी कोणती कच्ची होती हे कळत नाही. जो निकाल केवळ साखळी तुटल्याचे सांगतो, त्याच्यावरून कडीची परीक्षा करणे न्याय्य नव्हे.

३

येथे भाषाविचारातील व विधिविचारातील दोन भेद साहाय्यास येतात. जे. एल. ऑस्टिन यांची व्याख्याने १९६२ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीत त्यांनी असे दाखविले की काही वाक्ये केवळ वर्णन करीत नाहीत, तर उच्चारताच काही कृत्य घडवितात. अशा उक्तींचे वर्ग पाडताना 'निर्णयवाचक' उक्तींच्या वर्गात त्यांनी खेळातील पंचाचे उदाहरण घेतले आहे. पंचाने 'बाद' म्हटले की खेळाडू बाद होतो; त्या अर्थी ते कृत्य आहे. परंतु तो शब्द वस्तुस्थितीला धरून आहे की नाही असेही विचारता येते. त्या अर्थी ते विधानही आहे. एकाच उक्तीची ही दोन अंगे आहेत.

एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' या ग्रंथात हाच विषय वेगळ्या बाजूने मांडला. खेळात गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो, म्हणून 'गुणलेखक म्हणेल तोच गुण' असा नियम आहे असे समजणे चूक होय. तसा नियम असता तर खेळ उरलाच नसता; गुणलेखकाच्या लहरीचा तो खेळ झाला असता. गुणांचा नियम निराळा असतो आणि गुणलेखक तो लागू करण्याचा प्रयत्न करीत असतो. त्याचा निर्णय अंतिम असतो, अचूकच असतो असे नाही.

अंतिमता आणि अचूकता यांतील हा भेद मूल्यमापनाचा पाया आहे. 'पंचांचा निर्णय अंतिम' ही आपल्या स्पर्धापत्रिकांवर ठरलेली ओळ असते. ती योग्यच आहे, कारण निर्णय कोठे तरी थांबला नाही तर स्पर्धा संपणार नाही. परंतु अंतिमतेचा अर्थ 'निर्णयाची चिकित्सा करू नये' असा घेतला गेला म्हणजे पंचांच्या कार्याची सुधारणा खुंटते. निकाल न बदलताही निर्णयाची तपासणी करता येते, किंबहुना ती तशीच करावयास हवी. अपिलाचा हेतू त्या दिवशीच्या खेळाडूस न्याय देणे हा असतो; मूल्यमापनाचा हेतू पुढील वर्षीच्या खेळाडूस अधिक चांगला पंच मिळवून देणे हा असतो.

सातारा-सांगलीकडील जत्रांतील कुस्तीच्या फडाशी तुलना केली तर मैदानी स्पर्धांतील अडचण अधिक स्पष्ट होते. निकाली कुस्तीत पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. चितपट झाल्याचे पंचाप्रमाणेच भोवतालच्या हजारो जाणत्या डोळ्यांना दिसते. तेथे पंचाची परीक्षा जागच्या जागी होते. गुणांवर चालणाऱ्या कुस्तीत मात्र कोणत्या डावास किती गुण, हे ठरवावे लागते, आणि म्हणूनच अलीकडच्या काळात वाद उद्भवतात ते बहुतेक गुणांच्या कुस्तीत. तेथे रेफरी, जज आणि मॅट-चेअरमन अशा तिघांची योजना असते, ती याच कारणाने. मैदानी स्पर्धांत तर लांब उडीची फळी किंवा चालण्याच्या शर्यतीतील पाऊल प्रेक्षकाला दिसतही नाही. जेथे प्रेक्षकांचा डोळा पोहोचत नाही, तेथे पंचाच्या डोळ्याची परीक्षा अन्य उपायांनीच करावी लागते.

४

प्रथम पाहण्याच्या कार्याचा विचार करू. लांब उडीचे उदाहरण सोपे आहे. खेळाडूने उडी घेताना फळीची पुढची रेषा ओलांडली तर उडी अवैध. पंच तांबडी झेंडी दाखवितो, अन्यथा पांढरी. फळीच्या रेषेत कॅमेरा ठेवून त्याची नोंद पंचाच्या नोंदीशी ताडून पाहिली, तर किती वेळा दोघांचे एकमत झाले हे काढता येते. येथपर्यंत कोणाचेही दुमत असणार नाही. परंतु नुसत्या एकमताच्या टक्केवारीवर विसंबणे फसवे असते.

समजा, एकंदर १०० उड्या झाल्या आणि कॅमेऱ्याच्या नोंदीनुसार त्यांपैकी १० अवैध होत्या. एखाद्या पंचाने डोळे मिटून शंभरही वेळा पांढरी झेंडी दाखविली, तर त्याचे कॅमेऱ्याशी ९० टक्के एकमत होईल! ज्याने काहीच पाहिले नाही त्याला नव्वद गुण देणारी परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

आता दोन पंचांची कल्पना करू. पहिल्याने त्या १० अवैध उड्यांपैकी ८ ओळखल्या, २ सोडल्या आणि वैध उड्यांपैकी ४ चुकीने अवैध ठरविल्या. दुसऱ्याने १० पैकी ४ ओळखल्या, ६ सोडल्या, परंतु एकही वैध उडी अवैध ठरविली नाही. दोघांच्याही चुका सहा-सहाच. दोघांचेही एकमत ९४ टक्के. तथापि दोघांची प्रकृती परस्परविरुद्ध आहे. पहिला कडक आहे; त्याच्यामुळे चौघांच्या न्याय्य उड्या वाया गेल्या. दुसरा सैल आहे. त्याच्यामुळे सहा अन्याय्य उड्या मोजल्या गेल्या आणि त्या खेळाडूंच्या मागे पडलेल्या, नियमाने खेळलेल्या मुलांचे नुकसान झाले. या दुसऱ्या नुकसानीची तक्रार सहसा कोणी करीत नाही, कारण ते कोणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून 'चुकीने बाद ठरविणे' आणि 'चूक नजरेआड होणे' या दोन दोषांची गणना पृथक् करावयास हवी. त्यांची बेरीज करणे म्हणजे दोन भिन्न रोगांचे रुग्ण एकाच आकड्यात मोजणे होय.

केवळ योगायोगाने होणारे एकमत वजा करून उरलेल्या एकमताचे माप घेण्याची एक रीत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचविली. तिला 'कॅपा' असे म्हणतात. दोघा लिपिकारांनी एकाच निवेदकाचे उच्चार ऐकून स्वतंत्रपणे केलेली ध्वनिलेखने कितपत जुळतात, हे पाहण्यासाठी भाषाविज्ञानातही तिचा उपयोग होतो. वरील उदाहरणातील पहिल्या पंचाने १२ उड्या अवैध ठरविल्या, कॅमेऱ्याने १०. केवळ योगायोगाने अपेक्षित एकमत ०.१२ गुणिले ०.१० अधिक ०.८८ गुणिले ०.९०, म्हणजे ०.८०४ इतके येते. प्रत्यक्ष एकमत ०.९४. दोहोंतील अंतर ०.१३६, ते जास्तीत जास्त ०.१९६ होऊ शकले असते. भागाकार सुमारे ०.६९. दुसऱ्या पंचाचा कॅपा याच रीतीने सुमारे ०.५५ भरतो आणि डोळे मिटून झेंडी दाखविणाऱ्याचा शून्य. टक्केवारीने झाकलेला भेद येथे उघड होतो.

कॅपा एवढे सांगतो; पण पंच कोणत्या बाजूस झुकतो हे तो सांगत नाही. त्यासाठी मानसशास्त्रातील संकेत-अभिज्ञानाच्या सिद्धान्तातील भेद उपयोगी पडतो. डी. एम. ग्रीन व जे. ए. स्वेट्स यांचा या विषयावरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. निरीक्षकाची दृष्टी किती तीक्ष्ण आहे ही एक गोष्ट, आणि शंका असता तो कोणत्या बाजूस कौल देतो ही दुसरी. दृष्टी सुधारावयाची तर सराव, योग्य जागी बसणे आणि विश्रांती हे उपाय आहेत. कौल सुधारावयाचा तर नियमाचे धोरण समजावून द्यावे लागते. एका रोगाचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही.

५

आपल्याकडे 'पाचामुखी परमेश्वर' म्हणतात. या म्हणीतील शहाणपण खरे आहे, परंतु त्यास एक अट आहे : पाचही मुखे स्वतंत्रपणे बोलली पाहिजेत. पहिल्याचे ऐकून उरलेल्या चौघांनी माना डोलाविल्या, तर तेथे मुखे पाच असली तरी साक्ष एकच असते.

हाताने वेळ घेण्याच्या पद्धतीत ही अट फार स्पष्टपणे पाळली जाते. पहिल्या क्रमांकासाठी तीन घड्याळे असतात. दोन जुळली तर ती वेळ ग्राह्य. तिन्ही निराळी असल्यास मधली ग्राह्य. दोनच घड्याळे चालली असल्यास दोहोंतील अधिक वेळ ग्राह्य. वेळनोंदकांनी एकमेकांस विचारून वेळ सांगावयाची नसते. पिस्तुलाचा आवाज ऐकून नव्हे, तर त्याचा धूर अथवा ज्योत पाहून घड्याळ सुरू करावयाचे असते, कारण ध्वनीस शंभर मीटर अंतर कापण्यास सुमारे ०.२९ सेकंद लागतो, आणि शंभर मीटरच्या शर्यतीत तेवढ्यात पहिल्याचा पाचवा होऊ शकतो. येथे मूल्यमापनाची सामग्री आयतीच हाती येते. तीन घड्याळांच्या नोंदी कागदावर जपून ठेवल्या, तर दिवसभराच्या शर्यतींवरून कोणता वेळनोंदक सातत्याने जलद किंवा मंद वेळ देतो हे सहज कळते. आवाजावर घड्याळ सुरू करणारा तर लगेच उघडा पडतो; त्याच्या वेळा नेहमीच कमी भरतात. पुष्कळ ठिकाणी मात्र ग्राह्य वेळ लिहून झाली की उरलेल्या दोन नोंदी टाकून दिल्या जातात आणि त्यांबरोबर पंचांच्या परीक्षेचे साधनही जाते.

चालण्याच्या शर्यतीतील व्यवस्था याहून अधिक बोधप्रद आहे. चालणाऱ्याचा जमिनीशी असलेला संपर्क दृश्यपणे तुटता कामा नये, आणि पुढे टाकलेला पाय जमिनीस टेकल्यापासून शरीर त्यावर सरळ येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये, असे दोन नियम आहेत. मार्गावर विखुरलेले जज परस्परांशी विचारविनिमय न करता तांबडी कार्डे पाठवितात. एका खेळाडूविरुद्ध एका जजास एकच तांबडे कार्ड देता येते. तीन निरनिराळ्या जजांची कार्डे झाली की खेळाडू बाद होतो. काही स्पर्धांत त्याऐवजी तिसऱ्या कार्डास दंडकक्षेत थांबण्याची व चौथ्यास बाद होण्याची शिक्षा असते. २००० साली सिडनी येथे ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आघाडीवर असता क्रीडागाराच्या तोंडाशी बाद झाली, ती याच नियमाने. या पद्धतीत प्रत्येक जजाचा प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे नोंदला जात असल्यामुळे शर्यतीनंतर एकेकाच्या कडकपणाची तुलना करता येते. मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. सर्व जज तीच पावले पाहत नाहीत. चढावर उभा असलेला आणि उतारावर उभा असलेला जज यांच्या कार्डांची संख्या भिन्न असणे स्वाभाविक होय. मतभेद दिसला की चूक दिसली, असे समजू नये.

स्वतंत्र साक्षी गोळा करूनही त्यांचा मान राखला नाही तर काय होते, याचे उदाहरण जलतरणातील आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर मुक्त पोहण्याच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन जवळजवळ एकाच वेळी पोहोचले. पहिला क्रमांक पाहणाऱ्या तिघांपैकी दोघांनी डेव्हिट म्हटले. दुसरा क्रमांक पाहणाऱ्या तिघांपैकी दोघांनीही डेव्हिटच म्हटले. म्हणजे सहा साक्षींत तीन-तीन. तिन्ही घड्याळांनी लार्सनची वेळ कमी दाखविली. तरीही मुख्य पंचाने डेव्हिटला विजयी घोषित केले. या वादानंतर जलतरणात विद्युत् साधनांनी वेळ घेण्याच्या प्रयत्नांस जोर आला. येथे पाहणाऱ्यांचे काम वाईट झाले असे म्हणता येत नाही. त्यांच्या साक्षी एकत्र करण्याची रीत सदोष होती. व्यक्तीचे मूल्यमापन करताना व्यवस्थेचा दोष तिच्या माथी मारला जाऊ नये, हा धडा यातून मिळतो.

६

येथवर कॅमेऱ्यास कसोटी मानले. परंतु कसोटीचीही कसोटी घ्यावी लागते. नियमांत बदल झाला की कसोटी बदलते. लांब उडीत पूर्वी फळीपुढील मऊ पट्टीवर उमटलेला ठसा हा पुरावा असे. २०२१ पासून फळीच्या पुढच्या रेषेवरील उभ्या काल्पनिक पातळीपलीकडे पादत्राणाचा कोणताही भाग गेला तर उडी अवैध होते, मग खाली ठसा उमटो वा न उमटो. जुन्या सवयीने ठसा शोधणारा पंच आज चुकेल, परंतु २०१९ मधील त्याचा तसाच निर्णय बरोबरच होता. आतील कडेवर पाऊल टाकण्याचा नियमही २०२१ मध्ये सौम्य झाला. वळणावर एकच पाऊल पडले तर खेळाडू आता लगेच बाद होत नाही, त्याची नोंद ठेवली जाते. म्हणून निर्णयाची परीक्षा त्या दिवशी अमलात असलेल्या नियमानेच करावी.

दुसरे असे की यंत्राचा आकडा स्वतः नियम नव्हे. नियमाने त्याला अधिकार दिलेला असतो. पिस्तुलाच्या संकेतानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल करणारा धावपटू संकेताची वाट न पाहता निघाला, असे मानले जाते. २०२२ मध्ये यूजीन येथील जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा डेव्हन ॲलन ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत ०.०९९ सेकंदामुळे बाद झाला. सेकंदाच्या एक-हजारांशाने तो दोषी ठरला. यंत्राने आकडा दिला, परंतु सीमा कोठे असावी हे मनुष्यांनीच ठरविले होते. तेथे निर्णय देणाऱ्याने नियम पाळला. चर्चा व्हावयाची तर ती नियमाची व्हावयास हवी.

तिसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. चालण्याच्या शर्यतीत संपर्क 'दृश्यपणे' तुटला पाहिजे, म्हणजे मनुष्याच्या उघड्या डोळ्यास दिसला पाहिजे, असे नियमच सांगतो. मंदगतीने दाखविलेल्या चित्रफितीत दोन्ही पाय क्षणभर अधांतरी दिसले म्हणून जज चुकला असे होत नाही. जेथे नियमानेच डोळा हे माप ठरविले आहे, तेथे यंत्राने डोळ्याची परीक्षा घेणे म्हणजे वेगळाच नियम लागू करणे होय. अशा ठिकाणी अनुभवी जजांच्या स्वतंत्र मतांचा मेळ हीच कसोटी उरते.

७

पाहणे आणि ठरविणे यांखेरीज पंचांच्या कार्याचे तिसरे अंग कार्यपद्धतीचे असते, आणि त्याचे मूल्यमापन सर्वांत सोपे असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे. २०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत भालाफेकीच्या अंतिम फेरीत नीरज चोप्रा यांची पहिली फेक मोजली जाण्यापूर्वीच पुढच्या खेळाडूने आपली फेक केली. परिणामी ती मोजता आली नाही आणि चोप्रा यांना पुन्हा फेक करावी लागली. त्यांनी ८८.८८ मीटर फेकीने सुवर्णपदक मिळविले, म्हणून प्रकरण विसरले गेले. परंतु चूक ही विजेत्याच्या बाबतीत झाली म्हणून लहान होत नाही. मोजणी पूर्ण झाल्यावाचून पुढील खेळाडूस पाचारण करू नये, एवढी साधी शिस्त तेथे मोडली होती. अशा चुका मोजण्यास कॅमेरा लागत नाही, कॅपा लागत नाही. एक तपासणी-यादी पुरे होते.

याच संदर्भात खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील अनुभवाचे स्मरण होते. जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ लढत दिल्यानंतर त्यांना लागलीच सोव्हिएट संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह याच्याशी झुंजावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने देय होती. परंतु ती मागण्यासाठी भारताचा कोणीही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे या प्रसंगाच्या वृत्तांतांत सांगितले जाते. थकलेले जाधव हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. कुस्ती हा मैदानी स्पर्धांतील प्रकार नव्हे, परंतु या घटनेचा मूल्यमापनाशी निकटचा संबंध आहे. तेथे तक्रार नोंदली गेली नाही. तक्रारींच्या संख्येवरून पंचांची योग्यता ठरविणारा अभ्यासक त्या कुस्तीस निर्दोष म्हणेल.

मैदानी स्पर्धांत निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांत हरकत नोंदवावी लागते, आणि अपील लेखी असून त्यासोबत अनामत रक्कम भरावयाची असते. इंचॉनला बहारीनजवळ नियम जाणणारे पथक होते. माण किंवा जत तालुक्यातील एखाद्या शाळेची मुलगी एकट्या शिक्षिकेबरोबर एस. टी. ने जिल्ह्याच्या ठिकाणी आलेली असते. त्या शिक्षिकेस तीस मिनिटांचा नियम ठाऊक असेलच असे नाही. म्हणून तक्रार नसणे हा अचूकतेचा पुरावा नव्हे. पुष्कळदा तो केवळ अबोलपणाचा पुरावा असतो.

८

वरील विवेचनावरून जिल्हा पातळीवर सहज अमलात आणता येईल अशा मूल्यमापनाची रूपरेषा पुढीलप्रमाणे दिसते. पहिली गोष्ट म्हणजे पंचांच्या कार्याचे घटक पाडून प्रत्येकाचे माप निराळे ठेवावे : निरीक्षणाचे माप नमुन्यादाखल घेतलेल्या चित्रणाशी मेळ घालून, नोंदीचे माप अहवाल पूर्ण व असंदिग्ध आहे काय हे पाहून, नियमार्थाचे माप निर्णयास दिलेल्या कारणांवरून, आणि कार्यपद्धतीचे माप तपासणी-यादीने. नियमावलीची लेखी परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे, परंतु ती परीक्षा केवळ नियमज्ञान मोजते. डोळा मोजत नाही. दुसरे, प्रत्येक उडीचे चित्रण करण्याची जरुरी नाही. सकाळच्या व दुपारच्या सत्रांतील काही उड्यांचे, फळीच्या रेषेत ठेवलेल्या साध्या भ्रमणध्वनीने केलेले चित्रण पुरेसे आहे. सकाळी व दुपारी अशासाठी की उन्हाने व थकव्याने दृष्टी मंदावते किंवा कसे, हेही त्यातून कळावे. तिसरे, तिन्ही घड्याळांच्या नोंदी आणि प्रत्येक झेंडीची नोंद जतन करावी. चौथे, शालेय स्पर्धांत पंच म्हणून बहुधा क्रीडाशिक्षकच काम करतात, तेव्हा स्वतःच्या शाळेची मुले उतरली असता त्या शिक्षकास निरीक्षणाच्या जागेवर नेमू नये. हा अविश्वास नव्हे. शंकेपासून त्याचे रक्षण आहे.

शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. या मूल्यमापनाचा उपयोग शिक्षणासाठी व्हावा, शिक्षेसाठी नव्हे. प्रत्येक तांबड्या झेंडीचा जाब विचारला जातो असे दिसले, तर पंच झेंडी उचलणेच सोडून देईल. चुकीने बाद ठरविण्याचे प्रमाण घटेल, पण चुका नजरेआड होण्याचे प्रमाण वाढेल, आणि वर दाखविल्याप्रमाणे या दुसऱ्या दोषाची दाद मागण्यास कोणी येत नाही. उलट, तपासणीचा निष्कर्ष पंचाला खाजगीत, आकड्यांसह आणि चित्रणासह दाखविला गेला तर तोच त्याचा उत्तम पाठ होईल.

पंचाचा शब्द मैदानावर अंतिम राहिलाच पाहिजे. परंतु जो शब्द अंतिम आहे, त्याच्यावर तो अचूक ठरण्याची जबाबदारीही अधिक असते. ती जबाबदारी पंचाने एकट्याने वाहावी अशी अपेक्षा करणे आणि तिच्या पूर्ततेचे कोणतेही साधन त्याच्या हाती न देणे, हा पंचावर अन्याय आहे. आणि तालुक्याच्या मैदानावर अनवाणी पायांनी उडी घेणाऱ्या मुलीवरही.